बारा फ्लॉप्या आणि डोमाजीकाकांची गुळवेल

खांडेनवमीच्या दिवशी मी कारखान्याच्या बाराही फ्लॉप्यांना हळदकुंकू लावलं. ओल्या बोटानं. आणि फ्लॉपीला जिथं ते लांबट उघडं भोक असतं ना, ज्यातून आतली काळी चकती दिसते, नेमकं तिथं. कपाळ कुठं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी अंदाज केला.

हा एवढा मूर्खपणा आधी कबूल करून टाकतो. कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तर तो आधीपासूनच होता, याची ही नोंद.

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. आमच्याकडे झाडीपट्टीत दर तिसऱ्या चिंचेवर कोणीतरी राहतं असं म्हणतात. मी अशा चिंचांखाली सायकल लावून डबे खाल्लेत. तेव्हा मी घाबरट आहे म्हणून असं वाटलं असेल, हा खुलासा कृपया कोणी पाठवू नये. मी मूर्ख आहे, घाबरट नाही. म्हणजे नव्हतो.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पुठ्ठ्याचा कारखाना होता. आता नाही, म्हणून नाव सांगत बसत नाही. धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, चुन्याच्या पाण्यात वाफेवर शिजवायची, तिचा लगदा करायचा आणि त्याचा पुठ्ठा. तणस शिजवायला लोखंडाचा एक प्रचंड गोल होता, घराएवढा. तो चोवीस तास गरगर फिरायचा. सगळे त्याला ‘गोळा’ म्हणत. गोळा फिरता फिरता थांबला आणि आतला माल थंड झाला, तर चुना आणि तणस मिळून असा काही दगड बसतो की तो छिन्नीनं फोडून काढायला पंधरा-वीस दिवस लागतात.

मी तिथं स्टोअरला होतो. शेठच्या जावयानं नागपुरात कंप्युटरची एजन्सी घेतली होती, त्यामुळे आमच्या कारखान्याला कंप्युटरची अतिशय गरज आहे असं ठरलं. मला तीन महिन्यांच्या कोर्सला पाठवलं. परत आलो तो भाषाच बदलून आलो. ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’ करायला लागलो. कंप्युटरच्या खोलीत चपला काढून जायचो आणि दुसऱ्यांनाही काढायला लावायचो. लोक मला कंप्युटरबाबू म्हणत, आणि मला त्यातला टोमणा कळायला वर्ष लागलं.

माझ्या आधी स्टोअर होतं डोमाजीकाकांकडे. इंग्रजी अक्षर येत नाही, पण पाच हजार सुटे भाग तोंडपाठ. त्यांनी प्रत्येकाला आपल्या बोलीतलं नाव ठेवलेलं. दातेरी चाक म्हणजे ‘कोंबडतुरा’. वाकडा पाइप म्हणजे ‘बगळ्याची मान’. आणि गोळ्याला फिरवणारा तो पिळदार आट्यांचा दांडा, ज्याला पुस्तकात वर्म शाफ्ट म्हणतात, तो म्हणजे ‘गुळवेल’. झाडावर चढलेल्या गुळवेलीसारखाच पीळ, म्हणून. कप्प्यांवर खडूच्या खुणा, आणि टेबलावर कार्डांचे चार लाकडी खण.

काका निवृत्त व्हायच्या आधी महिनाभर मी त्यांच्याजवळ बसून सगळं कंप्युटरमध्ये भरलं. गुळवेलीचा झाला एक आठ आकडी नंबर. शेवटच्या दिवशी मी त्यांना मोठ्या थाटात फ्लॉप्यांचा डबा दाखवला.

“काका, सहा फ्लॉप्यांत सगळं स्टोअर आलं. आणि या दुसऱ्या सहा, बॅकअप. म्हणजे पहिल्या बिघडल्या तरी काळजी नाही.”

काकांनी डबा हातात घेऊन हलवून पाहिला. “अन् ह्या दुसऱ्या कोठी ठेवता जी?”

“याच डब्यात. सोपं पडतं.”

“मंग त्या दोन कशा झाल्या?” काका म्हणाले. “एकच हाये ते. आमी धानाचं बियाणं अर्धं घरच्या ढोलीत ठेवतो अन् अर्धं तलावाच्या पल्याड, बहिणीच्या घरी. घर जरलं, पूर आला, उंदरानं खाल्लं... तरी पेरा चुकत नाही. एका घरात दोन ढोल्या ठेवल्यानं बियाणं दोन नाही होत, बाबू.”

मी हसलो. कोर्समध्ये असं काही शिकवलं नव्हतं.

काका गेल्यावर मी दोन कामं केली. कप्पे कंप्युटरच्या नंबरांप्रमाणे नव्यानं लावून घेतले आणि खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या. आणि जुनी कार्डं? रद्दीत नाही दिली. मी कारखान्याचा माणूस, नुकसान कसं करीन! चारही खण आमच्याच गोळ्यात ओतले. त्यांचा पुठ्ठा झाला. उत्तम झाला.

शिवाय मी एक योजनाही लिहिली होती. ‘संगणक बंद पडल्यास करावयाची कार्यवाही.’ सहा पानं, मुद्देसूद. शेठ खूश झाले होते. ती योजना कुठं ठेवली होती, ते विचारू नका. सांगतोच. फ्लॉपीवर.

तर खांडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. फिटरांनी पाने पुजले, ट्रकवाल्यांनी ट्रक. मग कंप्युटरबाबूंनी मागं का राहायचं? टेबलावर केळीचं पान मांडलं, फ्लॉप्या कागदी पाकिटांतून काढून ओळीनं ठेवल्या. पहिल्या सहांना कुंकू लावून झालं. मग वाटलं, बॅकअपनं काय घोडं मारलंय? तिलाही लावलं. तीर्थ शिंपडलं. झेंडूची पाकळी एकेकीवर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची ऑफिसला सुट्टी.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गोळा थांबला.

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. म्हणजे आवाज नाही... चोवीस तास कानात असलेला आवाज एकदम गेला, ते. नत्थू मिस्त्री पळत आला. हा आमचा हेड फिटर. नाकाडोंगरीकडच्या एका खाणीला टाळं लागलं, तेव्हा बायको-पोरांना घेऊन इकडे आलेला.

“बाबू, वर्म तुटला. मंधातून दोन तुकडे. दुसरा कोणत्या कप्प्यात हाये, लवकर सांगा.”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो. ऐटीत.

कंप्युटर सुरू केला. फ्लॉपी घातली. आतून दळणासारखा घर्रर्र आवाज आला आणि स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न — सोडू, पुन्हा करू, की दुर्लक्ष करू? मी ‘पुन्हा’ म्हटलं. पुन्हा घर्रर्र. दुसरी घातली. तिसरी. बाहेर काढली तेव्हा काळ्या चकतीवर लाल-पिवळं गोल कडं उमटलेलं. बॅकअपची घातली. तेच. आता फ्लॉप्यांचं कुंकू मशीनच्या आत, फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यालाही लागलं होतं. बारावी फ्लॉपी बाहेर काढताना माझ्या हातून जमिनीवर पडली. नत्थूनं उचलली, बोटानं पुसली, बोटाकडे पाहिलं.

“हे कुकू होय का जी?”

मी मान हलवली.

त्यानं फ्लॉपी परत टेबलावर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे कळावं म्हणून सांगतो. कारखाना आधीच गाळात होता. शेठ सगळ्यांसमोर बोलून गेले होते, की आता एकदा का कारखाना जास्त दिवस बंद पडला, तर भंगारवाल्याला बोलावतो आणि टाळं लावतो. पावणेदोनशे माणसं होती. शेठ त्याच संध्याकाळी गोंदियाहून येणार होते. आणि नत्थूच्या हिशेबानं दिवस मावळेपर्यंत गोळा फिरला नाही, तर आतला माल बसणार. फोन करून नागपुरात चौकशी करावी, तर फोन नवमीपासूनच मेलेला. तक्रारीचा अर्ज मीच लिहिला होता.

मग आम्ही शोधलं. पाच हजार वस्तू, खोक्यांवर माझे आठ आकडी नंबर, आणि कोणता नंबर कशाचा ते सांगणारं काही नाही. वीस माणसं खोकी फोडत होती. मी मधोमध उभा राहून “तिकडे पाहा, इकडे पाहा” करत होतो आणि कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. बारा वाजले. नत्थू एका खोक्यावर बसला. चुन्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या.

“एक टाळं पाह्यलं मी, बाबू,” तो हळू म्हणाला. “दुसरं पाहाची ताकद नाही मायात.”

मी राजदूत फटफटी काढली.

डोमाजीकाकांचं गाव तिथून पंधरा-सोळा मैल. जाताना आठवलं, दसरा झालाय, रिकाम्या हातानं कसं जायचं... वाटेत आपट्याची फांदी तोडली. बापरे, माणसाचं डोकं! पावणेदोनशे चुली विझायला निघाल्यात आणि मी सोनं तोडतोय. रस्ता तलावाच्या पाळीवरून जात होता. दोन्हीकडे धान वाकलेलं, कापायला आलेलं. मी मोठमोठ्यानं रडत गाडी चालवत होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

काकांच्या दारात सखूबाई, म्हणजे काकू, सूप घेऊन बसल्या होत्या. मला पाहून उठल्या.

“काका आहेत ना?”

“हायेत.” त्यांनी पदर सावरला. “पर तुमाले कोणी सांगितलं नाही का, बाबू? पोळ्यापासून लकवा मारला त्याइले. वाचा गेली. उजवा हातपाय नाही चालत. माणूसबी ओळखत नाहीत.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

आत बाजेवर काका पडलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे छताच्या कवेलूंकडे. मी सोनं त्यांच्या छातीवर ठेवलं आणि बोलायला लागलो. कुंकू, फ्लॉप्या, गोळा, नत्थू, शेठ... सगळं. त्यांना समजत नव्हतं हे मला दिसत होतं, तरी थांबता येईना. शेवटी मी त्यांचा पाय धरला आणि म्हणालो — माझ्या नव्या शुद्ध मराठीत नाही, आईच्या भाषेत — “काका, गुळवेल कोठी हाये? सांगा ना जी... चुकलो मी.”

तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. “दोनची यष्टी,” काकू उगाच म्हणाल्या, काहीतरी बोलायचं म्हणून.

काकांचा डावा हात हलला. त्यांनी छातीवरची पानं चाचपली. हळूहळू, एकेक करून, त्यांचे दोन भाग केले. एक भाग छातीशी ठेवला. दुसरा मुठीत धरला, हात लांब केला आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. चांगला दाबून. मग डोळे मिटले.

मला काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस, सोनं परत देतोय.

“झोपू द्या आता त्याइले,” काकू म्हणाल्या.

परतीचा रस्ता आठवत नाही. राजीनामा कुठल्या शब्दांत लिहायचा, एवढं ठरवत होतो. साडेचारच्या सुमारास कारखान्याचं धुराडं दिसलं आणि कानात घर्रघर्र सुरू झालं. मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. तरी घर्रघर्र. म्हटलं, संपलं, डोक्यातही आवाज यायला लागले.

पण तो गोळाच होता. फिरत होता.

गेटजवळ नत्थू उभा. तेलानं माखलेला. मला पाहताच धावत आला आणि त्यानं मला मिठी मारली. करंजाच्या तेलाचा उग्र वास.

“बाबू, वाचवलं जी तुमी! पावणेदोनशे घरं वाचवली!”

“मी?”

“मंग कोण? तुमच्या फोनवर तं सापडला.”

“कुठला फोन?”

तो हसायला लागला. “गंमत करून राहिले का? दोनचा भोंगा झाला, अन् थोड्याच वेळानं गेटवरचा फोन वाजला. मीच उचलला. तुमी बोलले ना — नत्थू, गुळवेलीची दुसरी जोड काट्याच्या खोलीत हाये, फल्ल्याखाली. मोठा पाना घेऊन जाजो, लहान्यानं निघत नाही.”

काट्याची खोली म्हणजे गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, जिथं तणसीच्या गाड्या वजन करायचो ती झोपडी. स्टोअरशी तिचा काही संबंध नव्हता. नत्थू मला तिथं घेऊन गेला. जमिनीतल्या लाकडी फळ्या उचकटलेल्या होत्या. खाली खड्डा, विटांनी बांधलेला. त्यात करंजाच्या तेलात भिजवलेली गोणपाटं. वर्म शाफ्ट निघाला होता. बाकी अजून तिथंच होतं — एक कोंबडतुरा, दोन बगळ्याच्या माना, पट्टे, बेअरिंगं. ज्या ज्या वस्तूवाचून कारखाना थांबेल, ती प्रत्येक. एकेक. तेलात.

बियाणं. तलावाच्या पल्याड.

मी खिशाला हात लावला. पानं होती.

“नत्थू,” मी म्हणालो, “मी फोन केला नाही. त्या गावात फोनच नाही.”

“असं कसं? तुमचा आवाज नाही का ओळखू येत मले? सकाळपासून कानाशी बोंबलून राहिले होते.”

मी गेटवर गेलो आणि रिसीव्हर उचलला. नुसती शांतता. फुंकर मारली. काही नाही. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, त्याला तलावाजवळ झाड पडून तार तुटलेली सापडली. तुटल्या जागी वेल चढायला लागला होता, म्हणाला. चार-पाच दिवस तरी झाले असतील, म्हणाला.

आता तुमच्या मनात जे प्रश्न येतील ते सगळे मी स्वतःला विचारून झालेत. नत्थूला जागा आधीच माहीत असेल? मग तो बारा वाजेपर्यंत टाळ्याच्या भीतीनं पांढरा होऊन खोकी का फोडेल? कोणी माझी नक्कल केली? मेलेल्या तारेवरून? आणि खड्ड्याची माहिती कुणाला होती? सखूबाईंना नव्हती, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कारखान्यातलं घरी आणाची त्याइची सवय नव्हती. पुढं मी चार महिने खपून सगळं स्टोअर हातानं मोजलं, कार्डं लिहिली. त्यात वर्म शाफ्ट एकही निघाला नाही. म्हणजे माझ्या फ्लॉप्या शाबूत असत्या, तरी कंप्युटरनं ऐटीत सांगितलं असतं — शिल्लक शून्य. आणि आम्ही तिथंच शोधणं सोडून दिलं असतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

काका पुढं तीन वर्षं जगले. बोलले कधीच नाहीत. मी दर शनिवारी जायचो, कारण बॅकअपच्या फ्लॉप्या मी त्यांच्याच घरी, बियाण्याच्या ढोलीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला लागलो. शेठनं कारण विचारलं तेव्हा सांगितलं, कंप्युटरच्या पुस्तकात असंच लिहिलंय. एकदा मी काकांना विचारलं, “त्या दिवशी तुमीच होते ना जी?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तोंडानं हसले. की तोंडच तसं झालं होतं? ठाऊक नाही.

कारखाना आणखी काही वर्षं चालला. नत्थूनं त्या काळात दोन पोरींची लग्नं केली. मागं एकदा त्याच्या अंगणात चहा पिताना मी पुन्हा तेच काढलं.

“नत्थू, खरं सांग. तो आवाज माझाच होता? नीट आठव.”

“तुमचाच होता जी. शंभर टक्के.” त्यानं बशीतला चहा फुंकला. “पर इतकी अकलेची गोष्ट तुमच्या तोंडून निघाली ना बाबू, तवाच मले शक यायले पाह्यजे होता.”